सेनाइदाच्या सायकलींना कोण हात लावतं

सेनाइदा कुणाच्याही घरी गेली आणि पुढ्यात कॉफी आली, की पहिला घोट घेण्याआधी ती पेल्याशी नाक नेऊन वास घ्यायची. विषबिष घातलंय असा संशय नव्हता तिला. कालची कॉफी आज पुन्हा उकळून दिलीय का, एवढंच बघायचं असायचं. आणि बहुतेक घरांत ती तशीच दिलेली असायची, त्यामुळे ही सवय सोडायला तिला काही कारण मिळालं नाही.

देवळात मेणबत्ती लावली तर ती निम्मी जळेपर्यंत जागची हलायची नाही. पाठ वळली की कुणीतरी ती उचलून आपल्या संतापुढे नेऊन ठेवेल, अशी तिची खात्री. गाव तिची थट्टा करायचं, पण बेतानं. कारण लाचिगाबात मक्याची गिरणी एकच आणि ती सेनाइदाची. उजाडायच्या आत बायका चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या बादल्या घेऊन दाराशी उभ्या राहायच्या. सेनाइदा प्रत्येक बादलीत बोट घालायची, दाणा चिमटून बघायची आणि म्हणायची, चुना जास्त झालाय. बाई म्हणायची, मावशी, तुम्ही नुसतं दळा की, खायचं आम्हाला आहे. यावर सेनाइदाचं उत्तर ठरलेलं. "खायचं तुम्हाला आहे, पण दगड माझा आहे."

दगड तिचा होता, हे मात्र पुरतं खरं नव्हतं. लाचिगाबात जमीन, जंगल, पाणी सगळं गावाचं. घर, शेत आणि झऱ्याचं पाणी तुमच्याकडे राहतं ते तुम्ही गावाची सेवा करता म्हणून. कधी राखणदार व्हायचं, कधी देवळाचा कारभार बघायचा, कधी शाळेच्या समितीवर बसायचं. पगार नाही आणि नाही म्हणायची सोयही नाही. सेनाइदाचा नवरा एलिसेओ आपल्या सेवा अर्ध्यावर टाकून सीमेपलीकडे कामाला गेला आणि परत आला तो पेटीतून. गावसभेनं तिला रडायला सवड दिली आणि मग सांगितलं, नवऱ्याचं राहिलेलं आता तू पुरं कर. एक वर्ष बिनडाग सेवा कर. तुझं नाव सभासदांत चढेल, गिरणी आणि तिचं पाणी तुझं. डाग लागला तर गिरणी गावाची.

आणि सेवा दिली ती सायकलींची.

शहरातली माणसं जंगलातल्या उतारांवर सायकली पिटाळायला लाचिगाबात यायची. गावानं त्यांच्यासाठी पाइनच्या झाडीत लाकडी खोल्या बांधल्या होत्या आणि जाड टायरच्या पाच सायकली घेतल्या होत्या. तारेच्या ब्रेकचा या डोंगरात टिकाव लागत नाही, म्हणून यांचे ब्रेक तेलाचे. मुठीपाशी लिव्हर दाबला की नळीतलं तेल ढकललं जातं आणि चाकापाशी बसवलेला चिमटा पोलादी चकतीला दोन्ही बाजूंनी धरतो. ज्याची पाळी येईल त्यानं वर्षभर या सायकली सांभाळायच्या, भाड्यानं द्यायच्या, दुरुस्त करायच्या. मग पुढच्याच्या हवाली करून आपल्या घरी जायचं. म्हणजे दरवर्षी एका माणसाला कुठं काम जमायला लागलेलं असायचं, तोवर ते त्याच्याकडून जायचं.

आदल्या वर्षीची पाळी ओदिलोनची होती. ओदिलोन सुतार. शिवाय सेनाइदाच्या लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानंच हातांवर धरलं होतं, त्यामुळे ती त्याला ‘कोंपाद्रे’ म्हणायची, तो तिला ‘कोमाद्रे’, आणि दोघं एकमेकांशी अहो-जाहोनं बोलायची. या नात्यात भांडता येत नाही. संशय घेता येतो.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी त्यानं तिला सायकलखोलीत नेलं, किल्ली दिली आणि ब्रेकची हवा कशी काढायची ते दाखवलं. तेलात हवेचा बुडबुडा शिरला की लिव्हर लोण्यात बोट गेल्यासारखा आत जातो आणि चकतीला काही कळतच नाही. मग चाक काढायचं, चिमट्यातले दोन्ही पॅड काढायचे, त्यांच्या जागी लाकडाची चकती सारायची. ती ओदिलोननं स्वतः तासली होती, मूळची हरवली म्हणून. वर लिव्हरपाशी छोटा स्क्रू उघडून तिथं तेलाचा पेला बसवायचा, खाली चिमट्यापाशी सिरिंज लावायची, आणि तेल खालून वर ढकलायचं. हळू. पेल्यात बुडबुडे फुटताना दिसतात. मध्येच नळीवर पेचकसाच्या मुठीनं टिचक्या मारायच्या, म्हणजे चिकटून बसलेले बुडबुडेही निघतात.

"घाई नको, कोमाद्रे," ओदिलोन म्हणाला. "तेलाला आपली वाट सापडू द्या."

सेनाइदा तेलाकडे बघतच नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"आणि सांगायचं काय ठेवलंय तुम्ही, कोंपाद्रे?"

"काहीच नाही."

"किल्ली देणारा प्रत्येक माणूस एक गोष्ट खिशात ठेवून घेतो. माझ्या सासूनं मला मिरच्यांचं मोले करायला शिकवलं तेव्हा तीळ भाजायचे असतात हे ती मरेपर्यंत बोलली नाही."

ओदिलोननं सिरिंज खाली ठेवली आणि विजारीचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले. एक खिळा, पावाचा चुरा आणि शिसपेन्सिल. सेनाइदानं वाकून बघितलं. पेन्सिल कशाला, तिनं विचारलं. सुतार आहे मी, तो म्हणाला.

जाता जाता त्यानं भिंतीला टेकलेल्या एका सायकलीच्या आसनावर थाप मारली. "खेचरांसारख्या आहेत बिचाऱ्या. आपल्या पायांवर उभ्या राहू द्या त्यांना." नुकताच मेस्काल दारूचा घोट घेतलेला पुरुष जे बोलतो त्यातलंच हे, असं समजून सेनाइदानं ते सोडून दिलं.

पण खोली तिनं नीट पाहून घेतली. गल्लीच्या बाजूला छोटी खिडकी, तिच्या फळ्यांत फटी. सायकली बरोबर त्याच भिंतीला टेकून. कुणी हात घातला तर थेट लिव्हरवर पडेल. वर्षभर यानं इथंच का ठेवल्या असतील? तिच्या मनात पाल चुकचुकली. वरती जुन्या तुळईला आकडे होते, पूर्वी मक्याच्या कणसांच्या जुड्या टांगायचे ते. गिरणीवर पोती उचलून सेनाइदाचे दंड भरलेले. तिनं एकेक सायकल उलटी उचलली, दोन्ही चाकं आकड्यांत अडकवली, सगळ्यांमधून साखळी ओवली आणि कुलूप घातलं. आसनं खाली, चाकं वर. आता खिडकीतून हात घालणाऱ्याला हवेशिवाय काही लागणार नव्हतं.

पहिल्या पाहुण्यांना तिनं सकाळी सायकल काढून दिली तर लिव्हर सरळ मुठीला टेकला.

तिनं हवा काढली. लिव्हर दगडासारखा झाला, पाहुणे खूश होऊन गेले, संध्याकाळी सायकल पुन्हा आकड्याला गेली. सकाळी पुन्हा लोणी. दुसरीचंही तेच. तिसरीचा तर विचित्रच प्रकार: सेनाइदानं चिडून शिव्या देत लिव्हर खूप वेळ दाबला, तर तो आपोआप ताठ झाला. सेनाइदा सायकलीपासून दोन पावलं मागं सरली. एवढी हुशारी यंत्रात नसते, माणसात असते. जो कुणी बिघाड करतो तो अशा बेतानं करतो, की दाखवायला जावं तर पुरावा हातात राहू नये.

आणि असा बेत जमणारा, ब्रेकची नस माहीत असलेला माणूस गावात एकच होता.

का करेल तो? सेनाइदा दळण दळता दळता विचार करायची. एलिसेओ उत्तरेला पळाला तेव्हा त्याची अर्धी राहिलेली राखणदारी ओदिलोनच्या गळ्यात पडली होती. तेव्हा तो काही बोलला नव्हता. न बोलणाऱ्या माणसाचा तिला फार भरवसा नव्हता. शिवाय त्याच्या बायकोच्या बादलीत नेहमी चुना जास्त. सेनाइदानं तसं चारचौघींत सांगितलेलं. माणसं एवढ्या तेवढ्यावरूनही गिरण्या बुडवतात.

तिनं दुसरं कुलूप घातलं. मग खिडकीच्या फळ्यांवर आणखी एक फळी ठोकली, पण अगदी वरची एक फट तेवढी राहिली. मग कौलं तपासली. एका संध्याकाळी जमिनीवर मक्याचं कोरडं पीठ चाळणीनं पसरलं आणि दाराला कुलूप लावून गेली. सकाळी पिठावर उंदराची नाजूक पावलं होती, शेपटीची रेघ होती, माणसाचं पाऊल नव्हतं. आणि पाचही सायकलींचे लिव्हर मऊ.

दुसरी एखादी बाई इथं थांबली असती. सेनाइदाचा संशय उलट वाढला. जो पिठावर पाऊलही उमटू देत नाही तो किती पोचलेला असेल.

या भानगडीत एक झालं. ब्रेकची हवा काढण्यात तिचा हात असा बसला, की डोळे मिटून काढली असती. गिरणीचा दगड घासतोय का हे कानानं ओळखणाऱ्या बाईला चकती पॅडला किंचित लागत असेल तर तो बारीक शीं-शीं आवाजही लगेच कळायचा. चिमट्याचे दोन स्क्रू सैल करायचे, लिव्हर दाबून धरायचा, चिमटा आपणहून चकतीवर मधोमध बसला की स्क्रू आवळायचे. चाक फिरवून ती कान लावायची. गप्प फिरलं की म्हणायची, "आता बोल." हे ती सायकलीला म्हणायची की ओदिलोनला, ते तिलाच माहीत.

मग तो तिला सापडला. भर दुपारी. ती झऱ्याकडून येत होती आणि ओदिलोन गल्लीत टाचा उंच करून खिडकीच्या फटीला डोळा लावून उभा. सेनाइदानं पाठीवरचं ओझं खाली ठेवलं. आवाज मधासारखा केला.

"काही हरवलंय का, कोंपाद्रे?"

ओदिलोनच्या टाचा खाली आल्या. "नाही, कोमाद्रे. सायकली कशा आहेत?"

"तुम्हाला ठाऊक."

"मला कसं ठाऊक असणार?"

"तेच तर मी विचारतेय."

त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मिटलं. टोपी डोक्यावर दाबून बसवली, तुमच्या लेकीला माझा आशीर्वाद सांगा म्हणाला आणि निघून गेला. सेनाइदा त्याच्या पाठीकडे बघत राहिली. एवढा वेळ घेऊन माणूस खोटंच बोलायचा असतो. खरं बोलायला वेळ कशाला लागतो?

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात पाहुण्यांची झुंबड उडाली. सेनाइदा एका सायकलीचं चाक बसवत होती, तेवढ्यात वाहाका शहरातल्या एका हौशी दंतवैद्यानं थांबायचा कंटाळा करून, कुलूप उघडं बघून दुसरी सायकल स्वतःच आकड्यावरून उतरवली आणि निघाला. खोल्यांच्या खालच्या वळणावर त्यानं ब्रेक दाबला तो थेट मुठीला टेकला. नशीब त्याचं, की वळणाला दरी नव्हती, घायपातीचं कुंपण होतं. माणूस हसतच वर आला, पार्श्वभागात काटे घेऊन. त्याला गंमत वाटली. गावाला वाटली नाही.

गावाचा अध्यक्ष फिदेन्सियो. त्याला हसू आलं तर मिशीत दिसायचं आणि राग आला तर कुठंच दिसायचा नाही. त्यानं सेनाइदाला अंगणात बोलावून घेतलं. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं: कुलपं, पीठ, फट, टाचा उंच केलेला ओदिलोन. फिदेन्सियोनं शेवटपर्यंत ऐकलं आणि कोंबडीला हाकललं.

"रविवारी सभा आहे. तिथं नाव घे. सिद्ध केलंस तर ओदिलोनला अख्खं वर्ष पुन्हा करावं लागेल."

"आणि नाही केलं तर?"

"तर तुझं हे वर्ष धरलं जाणार नाही. मग गिरणीचं काय, ते तुला माहीत आहे."

शनिवारी सकाळी गिरणीचं पाणी बंद पडलं. जणू गिरणीनंच आधी निरोप घ्यायचं ठरवलं होतं. तोटीतून एक उसासा आला आणि संपलं. बादल्या घेऊन आलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सेनाइदाच्या डोक्यात पहिला विचार काय आला हे सांगायला नकोच. तिनं पाना उचलला आणि झऱ्याची काळी नळी जिथून येते तो चढ धरला. नळी कापलेली सापडली तर ती तशीच सभेत नेऊन टाकणार होती.

नळी कुणी कापली नव्हती. अर्ध्या वाटेवर कुणाची तरी गाय तिच्यात पाय अडकवून गेली होती आणि नळी एका पडलेल्या पाइनच्या ओंडक्यावर चढून बसली होती. एवढंच. खालून वर, ओंडक्यावरून, पुन्हा खाली. सेनाइदानं ओंडक्यावरचा सांधा पान्यानं सैल केला. फुस्स करून हवा सुटली, मग थुंकल्यासारखं पाणी, मग धार. लाचिगाबातलं प्रत्येक माणूस हे जन्मापासून करत आलेलं. नळीत हवा असतेच थोडी. ती नेहमी सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. नळी सरळ उताराची असली तर वर झऱ्याच्या टाकीत जाऊन बसते, कुणाला त्रास नाही. मध्येच उंचवटा केला, की ती तिथं येऊन बसते आणि पाण्याची वाट अडवते.

ती नळी ओंडक्यावरून खाली ओढायला वाकली आणि तशीच वाकलेली राहिली.

सगळ्यात उंच जागी. सायकल उभी असते तेव्हा उंच काय? लिव्हर आणि त्यातली तेलाची पिटुकली टाकी. कितीही जपून हवा काढा, एखादा बुडबुडा तिथं राहतोच, आणि राहिना का, टाकीत बसून तो कुणाचं काय वाकडं करतो. आणि सायकल उलटी टांगली की? टाकी खाली. चाक वर. चिमटा वर. बुडबुडा आपला निघतो नळीतून, सुट्टीच्या दिवशी डोंगर चढणाऱ्या पाहुण्यासारखा, सावकाश.

ती तिथंच ओंडक्यावर बसली. नळी पायापाशी वाहती झाली होती. खाली बायका खोळंबल्या होत्या. ‘आपल्या पायांवर उभ्या राहू द्या त्यांना.’ मेस्काल, खिसे, पेन्सिल. खिशात काही ठेवलं नव्हतं त्यानं. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट उघड सांगून, आसनावर थाप मारून गेला होता.

अर्थात सेनाइदानं स्वतःचाही शब्द तपासल्याशिवाय घेतला नसता. दळण उरकून ती सायकलखोलीत गेली. दोन सायकलींची हवा काढली, लिव्हर दगडासारखे केले, एक उभी ठेवली, एक टांगली. दार आतून लावून समोर पाटावर बसली. ऊन कलेपर्यंत जागची हलली नाही. मग उठून उभीचा लिव्हर दाबला: दगड. टांगलेली उतरवून दाबला: लोणी. खोलीत ती सोडून कुणीच नव्हतं. ज्याला पकडायला तिनं पीठ चाळलं, कुलपं घातली, फळ्या ठोकल्या, तो दरवेळी कुलूप लावून किल्ली खिशात घेऊन सेनाइदाच्याच घरी झोपायला जात होता.

ती तडक ओदिलोनच्या दारात गेली. तो रंधा मारत होता. तिनं नमस्कार-चमत्कार केले नाहीत.

"तुम्ही फटीतून बघत होतात तेव्हा त्या टांगलेल्या दिसल्या होत्या तुम्हाला."

"दिसल्या होत्या."

"मग बोलला का नाहीत?"

ओदिलोननं रंध्यातला भुसा फुंकून काढला. "कोमाद्रे, देवाला स्मरून सांगा. मी म्हटलं असतं, त्या उतरवून ठेवा, खिडकीपाशी, भिंतीला टेकून. तर काय केलं असतंत?"

सेनाइदानं प्रामाणिकपणे विचार केला. "तिसरं कुलूप आणलं असतं."

"म्हणून."

"पण मग फटीतून बघत होतात ते कशाला?"

आता ओदिलोन जरा शरमला. म्हणाला, नवीन आलेला माणूस बिघाड आधीच्याच्या माथी मारतो, हे मी माझ्या पाळीला पाहिलंय. स्वतःही तेच केलंय. तुम्ही माझ्या नावावर काय जमा करताय ते बघत होतो. सेनाइदाला त्याचं हे बोलणं त्या वर्षात पहिल्यांदाच पुरतं पटलं. संशय तिला कळायचा.

सभेला शाळेच्या पडवीत सगळं गाव बसलं होतं, पुरुष टोप्या गुडघ्यांवर ठेवून, बायका पोरं मांडीवर घेऊन. ओदिलोन मागच्या बाकावर. फिदेन्सियोनं सायकलींचा विषय काढला आणि म्हणाला, सेनाइदा, ऊठ. कोण हात लावतं त्याचं नाव घे.

ती उठली. काल संध्याकाळपासून तिनं दुसरी वाट शोधली होती. गप्प राहावं, म्हणावं माहीत नाही, पाहुण्यानं न विचारता सायकल नेली म्हणावं. तेही खरंच होतं. पण बिघाड कुणी केला हे मोकळं राहिलं असतं, आणि मोकळा राहिलेला संशय कुणाच्या दारात जाऊन बसतो, हे या गावात तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. समोर एकाच्या दारात तिनं तो आधीच नेऊन बसवला होता.

"कुणी हात लावत नव्हतं," ती म्हणाली. "मीच त्या उलट्या टांगत होते. उलट्या टांगल्या की हवा चाकाकडे जाते. आता उभ्या आहेत. ब्रेक धरतात."

मग पाववाला ताउरिनो मागून म्हणाला, "मावशी, सायकली होत्या की वटवाघळं?" आणि सभा हसली. फिदेन्सियोच्या मिशीत काही दिसलं नाही. त्यानं विचारलं, म्हणजे आळ खोटा होता?

सेनाइदानं हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्या बाकावरून खाकरल्याचा आवाज आला. ओदिलोन उभा राहिला होता.

"आळ कुठला?" तो म्हणाला. "या सभेत माझं नाव कुणी घेतलेलं मी ऐकलं नाही. कुणी ऐकलंय?" त्यानं आजूबाजूला बघितलं. "सभेत जे बोललं गेलं नाही ते बोललंच नाही, असं आपण मानत आलो. की अंगणात कोंबड्यांसमोर बोललेलंही आता धरायचं, फिदेन्सियो?"

फिदेन्सियो खूप वेळ मिशी चोळत बसला. रिवाज त्याच्या बापाच्या वेळचा होता, तो मोडायचा तर त्याला दुसरी सभा लागली असती. शेवटी म्हणाला, वर्ष चालू राहील. पण यापुढे एक जरी पाहुणा पडला, अगदी गवतात पडला, तरी गिरणीला कुलूप.

त्यानंतर कुणी पडलं नाही. पडू द्यायला ती बाई झोपली पाहिजे ना. अळंब्यांच्या जत्रेला सायकली कमी पडल्या तरी तिनं स्वतः लिव्हर दाबून, चाक फिरवून, कान लावून बघितल्याशिवाय एकही हातची सोडली नाही. वर्षअखेरीला सभासदांत तिचं नाव चढलं. गिरणी तिची झाली. दगडही.

एक गोष्ट मात्र तिच्या घशाखाली उतरेना. ओदिलोननं आपल्याला का वाचवलं? तो आला की ती त्याला कॉफी द्यायची आणि त्याच्याकडे बघत बसायची. शेवटी न राहवून विचारलंच, तुम्हाला काय हवंय, कोंपाद्रे? त्यानं पेला खाली ठेवला आणि म्हणाला, एकच. माझ्या बायकोच्या बादलीत बोट घालू नका. सेनाइदाचा जीव भांड्यात पडला. काहीच नको म्हणाला असता तर ती झोपली नसती.

नव्या वर्षी सायकली गेल्या पाववाल्या ताउरिनोकडे. सेनाइदानं त्याला चाक काढायला लावलं, पेला बसवायला लावला, तेल हळू ढकल म्हणाली. ताउरिनो तेलाकडे बघतच नव्हता. तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

"आणि टांगायच्या नाहीत," ती म्हणाली. "पायांवर उभ्या ठेवायच्या."

"ते झालं सभेसाठी, मावशी. तुम्ही आणि ओदिलोनकाकांनी मिळून ठरवलेलं. आता खरं काय ते सांगा की."

"हेच खरं आहे."

"वर्षभर काही न सांगता गिरणी मिळवलीत तुम्ही," ताउरिनो हसत हसत म्हणाला, पण त्याची नजर वर तुळईवरच्या आकड्यांवर गेली आणि तिथं जरा जास्त वेळ थांबली.

सेनाइदानं झग्याचे खिसे उलटे करून दाखवले. मक्याचे दाणे आणि एक जुनी किल्ली. ताउरिनोनं वाकून बघितलं.

काही दिवसांनी ती झऱ्याकडून परत येत होती. गल्लीत कुणी नव्हतं. सायकलखोलीच्या खिडकीपाशी तिचे पाय आपोआप मंदावले. तिनं पाठीवरचं ओझं खाली ठेवलं, टाचा उंच केल्या, फटीला डोळा लावला. आत अंधूक उजेडात चाकं वर, आसनं खाली, रांगेनं, आणि नवीकोरी साखळी.

"काही हरवलंय का, मावशी?"

मागं ताउरिनो उभा होता, पावांची टोपली डोक्यावर, आवाज मधासारखा. सेनाइदाच्या टाचा खाली आल्या. ती काहीतरी बोलणार होती. तिनं त्याचे डोळे बघितले आणि तोंड मिटलं.

"नाही रे," ती म्हणाली. "सायकली कशा आहेत?"

ताउरिनोचे डोळे आणखी बारीक झाले.

"तुम्हाला ठाऊक," तो म्हणाला.